पर्यावरणाच्या राजकारणावर संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, पर्यावरणाचं राजकारण आणि कारभार या विषयात पीएच.डी. करायची इच्छा आहे, पण दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही. मग या विषयात अभ्यास कशाचा होतो आणि तो आपल्याला झेपेल का?

झेपेल. मीही राज्यशास्त्राकडूनच आलो आणि गडचिरोलीत सामूहिक वनहक्कांवर, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायच्या आणि सांभाळायच्या हक्कांवर, काम केलं. जंगल, पाणी, खाण, किनारा यांच्याबद्दलचा निर्णय कोण घेतो, कुठल्या कागदाच्या जोरावर घेतो आणि त्याची झळ कुणाला बसते, हा या विषयाचा गाभा. व्याख्या देत बसण्यापेक्षा बांबूची गोष्ट सांगतो.

वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला (तो थेट २०१७ मध्ये काढला). त्या एका शब्दामुळे जंगलातला बांबू वनविभागाच्या ताब्यातला माल झाला. टोपल्या-सुपं विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला त्यासाठी परवानगी लागायची आणि कागद कारखान्यांना तोच बांबू वर्षानुवर्षांच्या करारावर मिळायचा. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्याने बांबू गौण वनउपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत) धरला, म्हणजे गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क गावाचा. कायदे दोन, वस्तू एकच. मग गाडीत भरलेला बांबू नाक्यावर अडवला, तर कुठला कायदा चालणार?

हा प्रश्न धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात प्रत्यक्ष उभा राहिला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेलच. ती याच गावची. तिथे ग्रामसभेचे निर्णय मतदानाने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला जातो. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा दाखला मिळाला. पण बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक होतं वनविभागाकडे. हक्क गावाचा आणि पुस्तक दुसऱ्याचं, अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१२ मध्ये नियमच बदलले आणि गौण वनउपजाचा परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभा नेमेल त्या माणसाकडे आलं.

या विषयातलं संशोधन असल्या पुस्तकापासून सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. 'शाश्वत विकास', 'लोकसहभाग' हे शब्द घेऊन सुरुवात केलीत तर तीन वर्षांनी त्याच शब्दांशी येऊन थांबाल. आपल्याकडे असे प्रबंध मी पुष्कळ वाचलेत आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्या मुलांनी कष्ट खरे घेतलेले असतात. एक कागद धरा: परवाना, ठराव, हरकत-अर्ज, जनसुनावणीचं इतिवृत्त. तो कुणी लिहिला, कुणापर्यंत पोचला, कुठे अडकला, याचा माग काढा. राजकारण आपोआप दिसायला लागतं.

सिद्धांत लागतोच. १९६८ मध्ये अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सामायिक कुरण असलं की प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण सगळ्यांचंच जातं. म्हणून ते सरकारच्या ताब्यात द्या, नाहीतर वाटून खासगी करा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या राज्यशास्त्राच्याच बाई. त्यांनी जगभरातली खरी गावं आणि कालवे तपासून पाहिले. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात शेकडो वर्षांपूर्वीचा नियम आहे: हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणात सोडा. मोजायला सोपा, पाळतोय की नाही हे शेजाऱ्यालाही दिसणारा. १९९० च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की लोक असे नियम स्वतः करतात आणि पाळतातही. त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते २००९ मध्ये, मेंढा (लेखा) गावाला दाखला मिळाला त्याच वर्षी. योगायोगच, पण मला तो फार आवडतो. मात्र टिकलेल्या सामायिक व्यवस्थांमध्ये त्यांना दिसलेली आठ तत्त्वं घेऊन गावाला खुणा करत सुटू नका. आठपैकी सहा जुळली एवढं कळून गावाबद्दल काहीच कळत नाही.

विज्ञानाची भीती वाटते म्हणालात. १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी बांबू का घटतोय याचा अभ्यास केला. वनविभागाच्या पद्धतीत बांबूच्या बेटाभोवतीचं काटेरी आवरण साफ करत, म्हणजे बेट मोकळं वाढेल आणि तोडायलाही सोपं जाईल. गावकरी सांगत होते की काटे काढले की कोवळे कोंब गुरं खाऊन टाकतात. मोजणी केल्यावर गावकऱ्यांचंच खरं निघालं. इथे कुणाचं ज्ञान 'ज्ञान' म्हणून धरलं जातं हा प्रश्न राज्यशास्त्राचाच आहे, फक्त त्याचं उत्तर कोंब मोजून मिळालं. तुम्हाला वनस्पतिशास्त्रज्ञ व्हायचं नाही. पण बेटातला नवा कोंब कुठला आणि तोडणीयोग्य बांबू कुठला, एवढं तरी कुणाकडून समजून घ्या, नाहीतर ग्रामसभेतली निम्मी चर्चा डोक्यावरून जाईल.

माझी तर पहिल्या फेरीला गेलीच. मी पुण्यात बसून चोवीस प्रश्नांची प्रश्नावली केली होती. एका गावात समाजमंदिराच्या ओट्यावर बसून पहिला प्रश्न विचारला: 'तुम्ही जंगलाचं व्यवस्थापन कसं करता?' सगळे गप्प. मग एका आजोबांनी शांतपणे विचारलं, 'व्यवस्थापन म्हणजे काय जी?' मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, यंदा वास्ते काढायला कधीपासून बंदी होती? वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, तिकडे त्यांची भाजी करतात. त्यावर दीड तास वाद चालला. कोण चोरून आणतं, दंड किती, विधवा बाईला दंड माफ करावा का, मागच्या पोळ्याला काय ठरलं होतं. मागे बसलेली एक बाई म्हणाली, नियम करणारे बापे आणि भाजी आणायला जाणाऱ्या आम्ही, मग आम्हाला विचारलं कुणी? माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे. ग्रामसभा म्हटलं की सगळं गाव एकमुखी असतं, हे मी त्या दिवसापासून मानत नाही.

कागदपत्रांचं सांगतो, कारण दमछाक तिथेच होते. वनहक्काचा दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. एका कार्यालयात मला दाव्याची फाइल पाहायला अकरा महिने लागले. माहिती अधिकारात अर्ज, मग पहिलं अपील, मग उत्तर आलं की फाइल सापडत नाही. नंतर गावातच एका पत्र्याच्या पेटीत तिची झेरॉक्स मिळाली, वडीलधाऱ्यांच्या निवेदनांसकट, अंगठ्यांसकट. कायद्याने अशी निवेदनं पुरावा म्हणून चालतात. म्हणून आधी गावाकडे मागा. आणि फोटो काढायच्या आधी ग्रामसभेची परवानगी घ्या, शक्य असेल तर ठराव करून.

विषय वनहक्कच हवा असं नाही. पश्चिम घाटाचं संरक्षण कसं करायचं याबद्दल गाडगीळ समितीचा २०११ चा आणि कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा अहवाल शेजारी ठेवून एखाद्या कोकणी तालुक्यात काय घडलं ते पाहा. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तो अभ्यास तर प्रत्येकाने वाचायलाच हवा. पाण्यावर काम करायचं तर राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आहे. जिथली भाषा तुम्हाला येते किंवा शिकायची तयारी आहे, तिथला विषय घ्या. मला गोंडी मोडकीतोडकीच येत होती आणि त्याने बरंच काही निसटलं, याची खंत आजही आहे.

गडचिरोलीलाच जायचं ठरलं तर मे महिन्यात मुलाखती ठरवू नका. तो तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे सगळं गाव जंगलात, दुपारी घरोघरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, मोजून देणं. ठेकेदार पैसे थकवेल का, याच्या गोष्टी तिथेच कानावर पडतात. गेलातच तर वही पिशवीत ठेवून पुडे बांधायला बसा. सुरुवातीला पानं उलटसुलट लागतील, कुणीतरी हातातून घेऊन परत लावून देईल.