उपग्रह आणि मॉडेल्स असताना ध्रुवावरचा बर्फ खोदायचा कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे की उपग्रह आहेत, महासंगणकांवरची हवामानाची मॉडेल्स आहेत, मग अंटार्क्टिकात जाऊन तीन-तीन किलोमीटर खोल बर्फ खोदण्याचा खटाटोप कशासाठी?

माझ्या मते एका कारणापुढे बाकीची सगळी दुय्यम आहेत. जुनी हवा अशी इतर कुठेच साठलेली नाही. झाडांच्या खोडातली वर्तुळं, समुद्रतळाचा गाळ, प्रवाळ यांवरून त्या काळाबद्दल अंदाज बांधावे लागतात. बर्फात खुद्द त्या काळची हवाच असते.

तिथे पडलेला हिम वितळत नाही, वर्षानुवर्षं थरावर थर चढतात. साधारण 50 ते 100 मीटर खोलीवर वरच्या वजनाने कणांमधल्या फटी बंद होतात आणि हवेचे बुडबुडे कायमचे कोंडले जातात. प्रयोगशाळेत असा तुकडा निर्वात पात्रात चुरडतात, सुटलेली हवा शोषून घेतात आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड थेट मोजतात. तापमान कळतं ते बर्फाच्या पाण्यातल्या जड ऑक्सिजनवरून: थंडी जितकी कडक, तितका हा जड ऑक्सिजन (ऑक्सिजन-18) कमी.

यात एक मेख आहे. फटी बंद होईपर्यंत वरची हवा आत झिरपत राहते, त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते. जिथे हिम फार कमी पडतो तिथे हा फरक काही हजार वर्षांचा होतो. ‘आधी तापमान वाढलं, कार्बन डायऑक्साइड नंतर’ असं कुणी ठासून सांगितलं, तर हा फरक कसा धरला हे जरूर विचारा.

अंटार्क्टिकातल्या डोम सी या ठिकाणी खोदून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यातून, म्हणजे लांब दंडगोलातून, 8 लाख वर्षांची नोंद मिळाली. एवढ्या काळात कार्बन डायऑक्साइड साधारण 180 ते 300 पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांतले भाग) दरम्यानच फिरत राहिला. आज तो 420च्या वर आहे. हा आकडा मला खरोखर अस्वस्थ करतो.

आता मॉडेल्सबद्दल. ती बरोबर आहेत हे ठरवायचं कशावरून? उपग्रहांच्या नोंदी जेमतेम काही दशकांच्या. ग्रीनलंडचा बर्फ सांगतो की सुमारे 11,700 वर्षांपूर्वी तिथलं तापमान काही दशकांतच जवळपास 10 अंशांनी चढलं. हवामान इतक्या झपाट्याने पालटू शकतं, हे बर्फाने दाखवून दिलं. मॉडेलला अशा घटना जमतात का, ही त्याची खरी परीक्षा.

जानेवारी 2025 मध्ये युरोपीय पथकाने डोम सी जवळच 2,800 मीटर खोदून तळ गाठला. तिथला बर्फ 12 लाख वर्षांपर्यंत मागे जातो. पूर्वी हिमयुगं साधारण 41,000 वर्षांच्या अंतराने येत, पुढे हे अंतर लाखभर वर्षांवर गेलं. त्यात कार्बन डायऑक्साइडचा हात होता का, हे आता त्या काळच्या हवेतच तपासता येणार आहे.