बँडमध्ये दुसरा चांगला गिटारिस्ट आलाय, मैत्री करावी की अंतर ठेवावं? म्युझिकमध्ये खरे मित्र मिळतात का?

मिळतात. मला मिळालेत. पण ज्याच्याशी सगळ्यात घट्ट मैत्री होती तोही गिटारिस्टच होता आणि आज आमचं बोलणं नाही, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

सहा वर्षांपूर्वी माझं डावं मनगट दुखायला लागलं. बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची ती) धरली की अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ जायची, मी तरी तीन आठवडे तशीच रेटत राहिले (हे करू नका, दुखलं की थांबा), शेवटी डॉक्टरांनी स्प्लिंट (मनगट हलू नये म्हणून आधाराचा पट्टा) घातला आणि दोन महिने गिटारला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. हातात अकरा शो होते. ते सगळे मी त्या मित्राला दिले. दिले म्हणजे नुसता नंबर देऊन मोकळी नाही झाले, उजवा हात धड होता म्हणून एकेका गाण्याचा कागद पेन्सिलने लिहून दिला. कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारी चिमटी) कितव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या), कुठल्या गाण्यात सहावी तार ई वरून डी ला उतरवायची, ड्रमर कुठे लय वाढवून पळतो, गायिका दुसऱ्या कडव्यानंतर लांब श्वास घेते तिथे "थांब". चार संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला, तो वाजवायचा आणि मी सांगायचे. त्याच्या कॅपोची स्प्रिंग सैल होती, तारा खरखरायच्या, तर माझा कॅपोही देऊन टाकला.

हात बरा झाल्यावर मी बँडवाल्यांना फोन केला तर म्हणाले, "अगं आता त्याचा हात बसलाय, सध्या असंच चालू दे." हे त्यांनी त्याला तीन आठवडे आधीच सांगितलेलं होतं. त्या तीन आठवड्यांत तो मला दोनदा भेटला, मनगट कसंय विचारलं, व्यायाम करतेस का विचारलं, आणि यातलं एक अक्षर बोलला नाही. मग मी एका शोला जाऊन मागे उभी राहिले. त्याच्या स्टँडवर माझेच कागद होते, लांबून अक्षर दिसत नव्हतं पण वरच्या कोपऱ्यातली लाल क्लिप माझी होती. दुसरं कडवं संपलं, तो थांबला, तिने श्वास घेतला, आणि तो अगदी बरोबर जागेवर परत आला. मी तिथूनच घरी गेले.

त्याचं म्हणणं असं की मी मागायला गेलो नव्हतो, त्यांनीच विचारलं, आणि कामात मैत्री आणायची नसते. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही नाही. बदलीवर गेलेला माणूस दुसऱ्याची जागा राखायला गेलेला असतो. ती जागा त्याला देऊ केली तर त्याने त्याच रात्री मूळ माणसाला फोन करायचा. घेऊच नको असं मी म्हणत नाहीये, पण तोंडाने सांग.

मी त्याला जॉर्ज हॅरिसन आणि एरिक क्लॅप्टनचं उदाहरण दिलं होतं. सप्टेंबर १९६८ मध्ये हॅरिसनने स्वतःच्या गाण्यात लीड (पुढे उठून दिसणारी गिटार) वाजवायला त्याच्या गिटारिस्ट मित्राला, क्लॅप्टनला बोलावलं, म्हणजे स्वतः बीटल्सचा लीड गिटारिस्ट असून. क्लॅप्टन आधी नको म्हणत होता, बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरचं असं कुणी वाजवत नाही म्हणून. शेवटी गेला, वाजवलं, अल्बमवर त्याचं नावसुद्धा नाही. पुढे तो हॅरिसनच्या बायकोच्याच प्रेमात पडला, आणि त्या बायकोने, पॅटी बॉइडने, स्वतः लिहिलंय की क्लॅप्टनने ते हॅरिसनला समोर उभं राहून सांगितलं. १९७९ मध्ये क्लॅप्टन आणि पॅटीचं लग्न झालं तर त्या पार्टीत हॅरिसन हजर, १९९१ मध्ये जपानच्या टूरला हॅरिसनच्या मागे क्लॅप्टनचा बँड, आणि हॅरिसन गेल्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, २९ नोव्हेंबर २००२ ला, रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या त्याच्या स्मृतीच्या कार्यक्रमाची संगीताची सूत्रं क्लॅप्टनकडे होती. बायकोची गोष्ट तोंडावर सांगता येते तर अकरा शोची का नाही?

आता तुमचं. मैत्री करा, आणि लवकर करा. दोन गिटार एकाच जागी एकसारख्या कॉर्ड वाजवतात तेव्हा सगळा चिखल होतो आणि मग दोघंही आपापला अँप वाढवत बसतात, निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात. गाणं जी मध्ये असेल तर एकाने ओपन जी (कॅपोशिवायची साधी जी कॉर्ड) वाजवा, दुसऱ्याने पाचव्या फ्रेटला कॅपो लावून डीचे शेप (डी कॉर्डसारखी बोटं) धरा, दोघंही स्वच्छ ऐकू येतात. हे दोघांनी मिळून ठरवायला एक दुपार लागते आणि त्या दुपारी माणूस कळतो, तुमचं ऐकून घेतो का, स्वतःचा आवडता तुकडा सोडायला तयार होतो का. आणि फक्त गिटारिस्टांमध्ये राहू नका. माझी आजची सगळ्यात जवळची मैत्रीण बेस वाजवते, स्प्लिंटच्या दिवसांत ती दर रविवारी बेस घेऊन यायची आणि मी नुसती टाळी देत लय धरायचे, तिला त्या सरावाची काहीच गरज नव्हती. मी सुरात नसले तर ती शोच्या मध्यात डोळ्यांनी दाखवते, कुठली तार तेही.

एक मात्र सांगायला हवं. त्या वर्षी त्या गिटारिस्ट मित्राकडे दुसरं काहीच काम नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मीही भेटून नीट विचारण्याआधी चार जणांसमोर त्याला बोलले, ते चुकलंच. पण त्याने त्या रात्री फोन केला असता तर मीच म्हटलं असतं, घे तू, मी दुसरं बघते. हे मी त्याला सांगितलंय. तो म्हणतो, तू असं म्हणाली नसतीस. मी म्हणाले असते.