आधी उतरवण्याचं ड्रॉइंग काढ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बागेतला पॅव्हिलियन, म्हणजे तात्पुरता मंडप, चार-पाच महिन्यांत काढूनच टाकायचा, तर त्याला वास्तू म्हणायचं का, आणि ऑफिसातलं पक्कं काम सोडून त्यात पडायचं का, एवढाच तुझा प्रश्न. काम घे. मला अस्वस्थ केलं ते सोबतच्या ड्रॉइंग्जनी. छताची वळणं आहेत, त्याखालचा संध्याकाळचा उजेड आहे, पण मुदत संपल्यावर हे सगळं सुटं करून खाली कसं उतरणार याची एकही रेघ नाही.

ती रेघ आधी काढायची असते.

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये सर्पेंटाइन ही कलादालन-संस्था २००० पासून, वास्तुविशारद झाहा हदीदपासून, जवळजवळ दर उन्हाळ्यात एक पॅव्हिलियन उभारून घेते. त्यांचे फोटो तुला पाठ असतील. मी फोटोनंतरचं बघते. २०१२ मध्ये हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी चिनी कलावंत आय वेवेसोबत तिथली जमीन खणली, आधीच्या अकरा पॅव्हिलियनांच्या पायाभरणीचे माग काढले आणि त्याच आकृत्यांवर कॉर्कने मढवलेली बैठक रचली. सगळे त्या कल्पनेवर खूश होतात. मला मात्र त्यात एवढंच दिसतं की वर काही उरलं नव्हतं, तरी मातीत खुणा होत्या. गवत पुन्हा उगवतं गं, पण दाबली गेलेली माती लवकर सैल होत नाही, आणि झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्याच थरात असतात. नेमका तिथेच आपण पाया घालतो.

म्हणून पुन्हा सांगते, आधी उतरवण्याचं ड्रॉइंग. कुठला बोल्ट शेवटी सुटणार? कुठला तुकडा किती माणसं उचलणार? ट्रक कुठून येणार, कुठल्या मुळांवरून जाणार? हे सुटलं की जॉइंट आपोआप ठरतो. वेल्डिंग नको. ओतीव काँक्रीट नको, स्वतःच्या वजनाने बसणारे ठोकळे चालतील. छत त्यानंतर.

आपल्याकडचे वास्तुविशारद बिजॉय जैन यांचं मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समधलं २०१६ चं पॅव्हिलियन नीट बघ. बांबू, दोरी, लाकडी खुंट्या. पुढे ते तिथल्याच प्राणिसंग्रहालयात हललं. सर्पेंटाइनचीच दोन पॅव्हिलियनं बघ: चिलीच्या स्मिल्यान रादिचचं २०१४ चं फायबरग्लासचं कवच लंडनहून सॉमरसेटला गेलं, जपानच्या फुजिमोतोची पांढऱ्या पोलादी कांबींची जाळी अल्बेनियातल्या तिरानाला. आणि जपानच्याच तादाओ आंदोने मेलबर्नलाच काँक्रीट वापरलं, हे मला ऐकवू नकोस. २०२३ चं ते काम देखणं आहे, पण मुदत वाढवून बागेतच उभं राहिलं. तुला जागा उसनी मिळते आहे.

मला हट्टी म्हणतात. या एका अटीपायी कामं गेली, एक जवळचा भागीदार दुरावला. त्याचं वाईट अजून वाटतं. बोट दाखवावं अशा इमारती माझ्या नावावर फारशा नाहीत, आणि तुमच्या पिढीला त्याची कीव येते, मला कळतं. पण ज्या बागांत मी काम केलं, तिथले माळी मला आजही बोलावून रोपं दाखवतात. हे मी बरोबर वागल्याशिवाय झालेलं नाही.

तुझं छत चांगलं आहे, वळणाला हात लावू नकोस. फक्त पुढच्या पत्रात ते पाठवू नकोस. उतरवण्याचा क्रम पाठव, आणि पहिल्याच शीटवर माळ्यासोबत फिरून काढलेला मुळांचा नकाशा असू दे. त्यात काही अडलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.