"पोट्टा बरा हाय, मंग गोया कायले?"

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून मुलाला घेऊन येणाऱ्या आईंनी दीड वर्षाच्या उपचारांनंतर मला विचारले होते, "मॅडम, पोट्टा आता बरा हाय, वावरात जाते, जेवते; मंग ह्या गोया अजून कायले?" स्किझोफ्रेनिया म्हणजे भास आणि खोटे संशय निर्माण करणारा मानसिक आजार; त्याच्या रुग्णांच्या घरून हा प्रश्न नेहमीच येतो. तेव्हा मी "डॉक्टर सांगतील तोवर घ्याव्याच लागतील" एवढेच म्हणाले, आणि ते उत्तर अपुरे होते. (ओळख पटू नये म्हणून येथील तपशील बदलले आहेत.)

पुढे लग्नाची बोलणी निघाली आणि पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. पहिले तीन महिने काहीही बिघडले नाही. उलट मुलाची सुस्ती गेली, त्यामुळे गोळ्यांची गरज नव्हतीच, अशी सर्वांची खात्री पटली. या आजारातील मोठी फसगत हीच आहे, कारण औषध थांबल्यावर आजार त्याच आठवड्यात उलटेल असे नसते, आणि महिन्यांनी उलटला की त्याचा संबंध गोळ्यांशी न जोडता कोणाच्या तरी करणीशी जोडला जातो. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत या मुलाची झोप उडाली, तो रात्रभर अंगणात फेऱ्या मारू लागला आणि शेजाऱ्यांनी विहिरीत काही टाकले आहे असे म्हणू लागला.

आजार असा उलटल्यावर घरचे पुन्हा आले, तेव्हा मी आकडे सांगितले. 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, 65 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासानुसार, औषध थांबवून नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांपैकी 64 टक्के रुग्णांचा आजार सात ते बारा महिन्यांत उलटला. औषध चालू असलेल्यांत हे प्रमाण 27 टक्के होते. म्हणजे औषध घेऊनही आजार उलटू शकतो, आणि हेही घरच्यांपासून लपवू नये असे माझे मत आहे.

औषधाखेरीज गांजा, जागरण आणि घरातील सततचे टोचून बोलणे यांनीही धोका वाढतो. टोमण्यांच्या घरात परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो, हे व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी लंडनमध्ये 1976 सालीच दाखवले होते. या घरात मोठा भाऊ मुलाला दिवसभर "कामचोर" म्हणत असे. आळस वाटतो तो पुष्कळदा आजाराचाच भाग असतो, हे भावाला समजावण्यात माझ्या तीन बैठका गेल्या.

रोजच्या गोळीवरून वाद नको म्हणून डॉक्टरांनी महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन सुरू केले आणि त्यासाठी बाजाराचा दिवस ठरवला. आता भाऊच त्याला घेऊन येतो. मुलाचे जागरण झाले की आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारतात. मागच्या महिन्यात लागोपाठ दोन फुल्या पडल्या, तेव्हा बाजाराची वाट न पाहता त्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या एसटीने त्याला घेऊन आल्या.