बस लेनमधून सायकल चालते का? आधी पाटीवर सायकलचं चित्र आहे का ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण तो एक नाही, तीन आहेत. तुमच्या शाळेतल्या मुली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलींवरून येतात. नवा चौपदरी रस्ता झाला, फाट्यावर थांब्यासाठी रस्त्याची कड आत वळवली आणि तिथे डांबरावर ‘बस’ लिहिलं. मुलींनी तिथून जायचं की नाही, हा पहिला. तुमचा मुलगा पुण्याला शिकायला चाललाय, सायकल सोबत नेणार, त्याला बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी वेगळ्या काढलेल्या मार्गातून चालवता येईल का, हा दुसरा. आणि लंडनचे भाऊ म्हणतात, “आमच्याकडे बस लेनमधून सायकली सर्रास चालतात,” ते खरं का, हा तिसरा.

मी एसटीत एकतीस वर्षं चालक होतो. सायकल त्याच्याही आधीपासूनची, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा रोजची झाली. मुलगी इंग्लंडात असते, तिच्याकडे दोन खेपा मिळून सातेक महिने राहिलो तेव्हा जावयाची सायकल माझ्याच ताब्यात होती. म्हणजे ही गोष्ट मी स्टिअरिंगमागूनही पाहिलीय आणि हँडल धरूनही.

आधी उत्तरं सांगून टाकतो. भाऊ खरं बोलतात, पण ते तिथलं. पुण्यातल्या बीआरटी मार्गात सायकल नाही म्हणजे नाही. आणि तुमच्या फाट्यावर जे आहे ती बस लेनच नाही. आता सविस्तर.

इंग्लंडात बस लेन बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या डाव्या कडेला असते. आपल्यासारखीच त्यांची वाहतूक डावीकडून, त्यामुळे आपल्याला चटकन समजतं. जाड पांढरी रेघ, आत रस्त्यावर मोठ्या अक्षरांत ‘बस लेन’, आणि कडेच्या खांबावर निळी चौकोनी पाटी. खरी गोष्ट या पाटीवर असते. पांढऱ्या रंगात बसचं चित्र. त्याच्या शेजारी सायकलचं चित्र असेल तर सायकल चालते. ‘टॅक्सी’ हा शब्द असेल तर टॅक्सी चालते. जे काढलेलं किंवा लिहिलेलं नाही, त्याला आत जागा नाही. तिथला हायवे कोड, म्हणजे रस्त्यावरच्या नियमांचं सरकारी पुस्तकही हेच सांगतं की बहुतेक बस लेन सायकलस्वारांना वापरता येतात, पण पाटी म्हणेल तसं. बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत. पाटीवर वेळ दिलेली असेल, समजा सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात, तर त्या वेळेबाहेर ती लेन सगळ्यांनाच मोकळी. वेळच दिलेली नसेल तर चोवीस तास राखीव.

चौकोनी पाटीऐवजी गोल निळी पाटी असली आणि तिच्यात बस आणि सायकल दोन्ही काढलेल्या असल्या, तर तो अख्खा रस्ताच फक्त त्या दोघांचा. मोटारीला तिथे प्रवेश नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो, कारण आपल्याकडून जाणारा प्रत्येक माणूस यात फसतो. पहिल्याच आठवड्यात एका गल्लीच्या तोंडाशी गोल पाटी दिसली. लाल कडं, आत पांढऱ्यावर काळी सायकल. मी म्हटलं, वा! सायकलवाल्यांसाठी वेगळी गल्ली केली यांनी. ऐटीत घंटी वाजवत घुसलो. समोरून कुत्रं घेऊन एक म्हातारी येत होती. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, मग हातातली काठी उचलून मागच्या पाटीकडे दाखवली. तोंडातून शब्द नाही काढला. खाली उतरलो, सायकल हातात धरून परत आलो. जावयाने संध्याकाळी सांगितलं, “बाबा, ती मनाईची पाटी आहे.” आपल्याकडे मनाईच्या पाटीत चित्रावरून लाल तिरपी रेघ मारलेली असते. ब्रिटनमध्ये बऱ्याच मनाईच्या पाट्यांवर ती रेघ नसते. लाल कडं म्हणजेच मनाई. एका पाटीत तर मोटारीच्या डोक्यावर मोटारसायकल काढलीय, जणू सर्कशीतली उडी चाललीय. तिचा अर्थ, मोटार वाहनांना बंदी. सायकल खुशाल न्या.

आता त्यांना जमतं ते आपल्याला का जमत नाही? आपल्या लोकांना शिस्त नाही, हे उत्तर मला पटत नाही. खरं कारण लेन रस्त्याच्या कुठल्या भागात आहे, हे आहे.

सायकलवाला मुळात डाव्या कडेनं चालतो. डावी कडच बसला दिली तर सायकलवाल्यानं जायचं कुठं? बसच्या उजव्या अंगाला, म्हणजे डावीकडे बस आणि उजवीकडे मोटारी, मधे हा. तो सुपारीसारखा कातरला जाईल. म्हणून कडेची लेन असेल तर सायकलला बससोबत घेणं हेच शहाणपण, आणि ब्रिटननं तेच केलं. त्यातही ते रुंदी बघतात. सायकलमार्गांच्या आखणीसाठी तिथल्या सरकारनं २०२० मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सायकली येणाऱ्या बस लेनची रुंदी किमान चार मीटर, शक्यतो साडेचार मीटर सांगितलीय.

आता पुणे. तिथला बीआरटी मार्ग कात्रज–स्वारगेट–हडपसर असा २००६ च्या डिसेंबरात सुरू झाला, देशातला पहिला. पुढे २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावानं संगमवाडी–विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडकडचे मार्ग आले. हे मार्ग कडेला नाहीत, रस्त्याच्या मधोमध आहेत. स्थानकही मधेच, फलाटासारखं उंच, आणि बसचं त्या बाजूचं दार चालकाकडचं, उजवीकडचं. दोन्ही बाजूंना कठडे. एका दिशेला साधारण साडेतीन मीटर जागा. आता मांडा हिशेब: आपल्याकडे बसची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर. सायकलचं हँडल साठ सेंटिमीटर धरा. ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावं असं ब्रिटनचा नियम म्हणतो. आपण तेच धरू. झाले ४.७ मीटर. साडेतीन मीटरच्या नळीत हे बसवून दाखवा! बस तुमच्या पोराला ओलांडूच शकत नाही. मागे घासत चालेल, हॉर्न मारेल, आणि कठड्यामुळे पोराला बाजूला व्हायलाही जागा नाही. शिवाय त्या मार्गात शिरायला आणि निघायला त्याला दोन्ही वेळा भरधाव गाड्यांचे पट्टे आडवे कापावे लागतील. म्हणून तिथे सायकलला मनाई आहे, आणि माझ्या मते ती बरोबर आहे. सगळेच मार्ग आज मूळ रूपात उरलेले नाहीत, आणि मोकळा पट्टा दिसला की दुचाकीवाले घुसतातच. मुलाला एवढंच सांगा, दुसरा गेला म्हणून आपण जायचं नाही. बीआरटीच्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी फुटपाथलगत सायकल ट्रॅक आहे. त्यावर हातगाडी उभी असेल, खडी पडली असेल, तरी कडेनंच जायचं.

दिल्लीनं वेगळी तऱ्हा केली. १ एप्रिल २०२२ पासून तिथे काही रस्त्यांची डावी लेन बस आणि मालवाहू गाड्यांसाठी राखून दंडाची मोहीम काढली, दहा हजार रुपयांपर्यंत. कडेचीच लेन, म्हणजे इंग्लंडसारखी. पण सोबतीला सायकलऐवजी ट्रक दिला. यावर काय बोलावं!

पाटीवरच्या एका शब्दानं किती फरक पडतो त्याचा मासला ऑस्ट्रेलियात आहे. न्यू साउथ वेल्समध्ये ‘बस लेन’ असं लिहिलं असेल तर सायकल चालते, ‘बस ओन्ली’ लिहिलं असेल तर नाही. जर्मनीत गोल निळ्या पाटीत नुसती बस असते. सायकलला परवानगी असेल तर तिच्याखाली सायकलची वेगळी पांढरी पट्टी लावतात. पट्टी नाही तर प्रवेश नाही.

आपल्या पाट्यांचं व्याकरण सोपं आहे, मुलींना वर्गात दहा मिनिटांत शिकवता येईल. लाल कडं आणि तिरपी रेघ म्हणजे मनाई; यात सायकलची आहे, तशी आपल्या बैलगाडीची आणि हातगाडीचीही आहे. निळा गोल म्हणजे ज्याचं चित्र त्याचाच रस्ता: सायकल काढली तर सायकलचा, बस काढली तर बसचा. निळा चौकोन म्हणजे नुसती माहिती. चौकोनात बस दिसली तर तो थांबा, गोलात बस दिसली तर आत जायचं नाही. आकार बघायची सवय लागली पाहिजे, चित्र नंतर.

कुणी वकिली करणारा भेटेलच, म्हणून कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सायकल हे ‘मोटार वाहन’ नाही. तिला लायसन्स नको, नंबर नको, आणि पाट्या पाळण्याची सक्ती करणारं कलम ११९ सुद्धा मोटार वाहनाच्या चालकाबद्दल बोलतं. म्हणून सायकलवाल्याला सगळं माफ, असं समजू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३३ रस्त्यावरच्या सगळ्याच वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार देतं, त्यात सायकलही आली. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाला आणि तुम्ही नको तिथे होता असं निघालं, तर दाव्यात तुमचीही चूक धरून भरपाई कापली जाते. हे मी कोर्टाच्या बाकावर साक्षीला बसून ऐकलेलं आहे.

आता तुमचा फाटा. तिथे आत वळवलेली जागा म्हणजे बस-बे. मागची वाहतूक न अडवता गाडी थांबावी म्हणून केलेला खिसा, पन्नास-साठ पावलांचा. लेन नव्हे. आता एका चालकाच्या नजरेनं बघा. मी बे-मध्ये गाडी घालतो तेव्हा लक्ष कुठं असतं? पुढे उभ्या माणसांवर, कोण हात करतंय, कोण पळत येतंय, आणि उजव्या आरशात मागून येणाऱ्या ट्रकवर. डाव्या आरशात दाराजवळची गर्दी दिसते, पण दाराला चिकटून खाली असलेली सायकल दिसत नाही. कंडक्टरची डबल घंटी वाजली की मी उजवीकडे बघत गाडी काढतो.

सोयाबीन निघायच्या दिवसांत अशाच एका फाट्यावर मी गाडी उभी केली होती. गाडी आणि कडेचा दगड यांच्यात दीड हात फट. मागून एक पोट्टं, कॅरिअरला दोन्हीकडून दुधाच्या कॅन लटकवलेल्या, त्या फटीतून निघालं. त्याच क्षणी दारातून एक बाई उतरली, डोक्यावर पोतडी, तिला खालचं काही दिसायचा प्रश्नच नाही. पोरगं पोतडीवर, पोतडी कॅनवर, दूध सगळं मातीत. कुणाला फार लागलं नाही, बाईच्या गुडघ्यावर निभावलं. पोट्टं रडत म्हणत होतं, “काका, दोन मिन्टाची घाई होती हो.” त्या दिवशी मी डबल घंटीची वाट बघत होतो, म्हणून वाचलो. घंटी आधी वाजली असती तर? पुढे कितीतरी दिवस गाडी काढायच्या आधी मी कंडक्टरला डावीकडे वाकून बघायला लावायचो; तो वैतागायचा.

हायवे कोडमध्ये सायकलस्वारासाठी हेच लिहिलेलं पुढे वाचलं, की थांब्यावर उभी बस आणि रस्त्याची कड यांच्या मधून जाऊ नका. ते वाचताना मला तीच पोतडी दिसली.

तर मुलींना असं सांगा. बे रिकामा असेल आणि मागून एसटी येत नसेल, तर त्यातूनच कड धरून सरळ निघून जायचं. ट्रकच्या पट्ट्यात जाण्यापेक्षा ते बरं. गप्पा मारत तिथे थांबायचं मात्र नाही. बस उभी असेल किंवा आत वळत असेल, तर मागेच थांबायचं, एक पाय जमिनीवर. बस निघाली की मग निघायचं. उभ्या बसला उजवीकडून ओलांडायचा मोह चौपदरी रस्त्यावर करायचाच नाही. आणि सर्व्हिस रोड असेल तर सरळ तोच धरायचा, फक्त उलट्या दिशेनं नाही. दुभाजकातली फट लांब पडते म्हणून आपल्याकडे सगळेच उलटे येतात, मी पण आलोय, पण धुक्यात समोरून ट्रॅक्टर आला की कळतं.

समृद्धी महामार्गाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण पोरं काढतीलच. तिथे दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर यांनासुद्धा मनाई आहे; मग सायकलचा प्रश्नच येत नाही. खालून जायला पूल ठेवलेत, ते वापरा.

तुमच्या फाट्यावर थांब्याची पाटी नसेल आणि नुसतंच ‘बस’ रंगवलं असेल, तर रस्ता ज्या खात्याचा, त्याच्याकडे ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज करा. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ या नंबरवर फोनही करता येतो. दोन गोष्टी मागा: बे-च्या अलीकडे ‘शाळा’ पाटी, आणि मुलींना ओलांडायला झेब्रा पट्टे. अर्जात जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा आवर्जून टाका, दगडाचा एक फोटो जोडा. नुसतं ‘आमच्या फाट्यावर’ लिहिलं तर साहेब विचारतील, कोणता फाटा?