पहिल्यांदाच हीट टेप जोडताय? आधी एवढं सांभाळा

हीट टेप म्हणजे पाळीव सरडे-सापांच्या पेटीला खालून ऊब देणारी, विजेवर तापणारी पातळ पट्टी. ती हातात आली की लगेच प्लग लावून बघायचा मोह होतो. थांबा. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरवलेल्या पातळीवर राखणाऱ्या यंत्राशिवाय, ती एकदाही चालू करायची नाही, 'फक्त दोन मिनिटं' सुद्धा नाही.

जोडणी तशी सोपी आहे. दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या दिसतील, एका पट्टीला एक वायर. वायर टेपला जोडणाऱ्या धातूच्या क्लिपचे दात नेमके पट्टीत रुतले पाहिजेत. पक्कडीने घट्ट दाबा, मग वायर हलकेच ओढून बघा. हलली तर तिथेच पुढे ठिणगी पडते. टेप कापायची ती छापलेल्या खुणेवरच, आणि दोन्ही टोकं इन्सुलेट करा. मोकळं टोक नवखे हमखास विसरतात, मीही विसरलो होतो! प्लग लावण्याआधी मल्टीमीटरने (विजेची मापं घेणारं उपकरण) रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा रोध बघा. शून्याच्या आसपास आला तर शॉर्ट आहे.

आता प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर. खरा घात इथे होतो. प्रोब सुटून थंड हवेत लोंबला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गार आहे, आणि तो टेप तापवतच राहतो. म्हणून प्रोब टेपवरच पक्का चिकटवा.

- टेप पेटीच्या बाहेरून, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली
- कुठेही घडी नको
- प्राणी न ठेवता किमान 24 तास चाचणी. आतल्या तळाचं तापमान दिवसा-रात्री मोजा

बिबट्या गेको या पाळीव पालीसाठी गरम बाजूचा तळ 31-32 अंश सेल्सिअस पुरे. विजेच्या कामाची भीती वाटत असेल तर जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. डिमर, मोठे रॅक वगैरे नंतर बघू.