डोक्याला मार लागल्यानंतर हार्मोन्स बिघडतात का?

भावाच्या अपघाताला आठ महिने झाले, स्कॅन स्वच्छ, टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) नॉर्मल, तरी तो दिवसभर लोळतो. याचा त्या माराशी संबंध असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण या दुखण्यात दीड वर्ष काढलंय.

2018 साली मोटारसायकलवरून पडलो. हेल्मेट घरी खुंटीला. टाके निघाले, ‘आता ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलं. पुढे एक जिना चढला की बसावं लागायचं. आई म्हणायची, “झोपून झोपून अंग जड झालंय तुझं.” खरी गोष्ट हेरली बायकोने. महिन्यात संपणारं ब्लेडचं पाकीट चार महिने पुरलं. “अहो, तुमची दाढी वाढतच नाहीये,” ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

मग साध्या जुलाबांनी आडवा झालो, रक्तातलं सोडियम 121, म्हणजे फारच कमी. सलाईन लावून घरी. तेच दुसऱ्यांदा झालं तेव्हा कुठे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरकडे गेलो. आजारपणाचा ताण झेलायला लागणारं हार्मोन म्हणजे कॉर्टिसॉल, ते सकाळी आठला निघालं 1.8 (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर). तीनच्या खाली म्हणजे गडबड जवळपास नक्की.

दोष होता पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीत. कॉर्टिसॉल, थायरॉईड, टेस्टोस्टेरॉन, सगळ्यांना हुकूम हीच देते. ती हरभऱ्याएवढी, मेंदूच्या तळाशी बारीक देठाला लोंबकळणारी. डोकं जोरात हिंदकळलं की देठातल्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते आणि ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटू शकतो. साध्या सीटी स्कॅनवर हे बहुधा दिसत नाही. टीएसएचही हीच ग्रंथी सोडते, म्हणून तिचंच बिनसलेलं असताना तो आकडा नॉर्मल दिसून फसवतो. सोबत फ्री टी-4, म्हणजे खुद्द थायरॉईडचं हार्मोन, हवंच. कॉर्टिसॉल आणि टेस्टोस्टेरॉन (दाढी वाढवणारं पुरुषी हार्मोन) सकाळीच तपासा. एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही याच ग्रंथीची हार्मोन्स आणि सोडियमही. भाऊ सध्या कुठल्याही कारणाने स्टेरॉइड घेत असेल तर आधी सांगा, नाहीतर कॉर्टिसॉलचा आकडा दिशाभूल करतो. रात्री तांब्यावर तांबे पाणी पिऊन सारखा लघवीला उठत असेल तर तेही सांगा, त्यामागे याच ग्रंथीतलं वेगळं हार्मोन असू शकतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कॉर्टिसॉल आणि थायरॉईड दोन्ही कमी निघाले तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई करणारं औषध), मगच थायरॉईडची गोळी. उलटं केलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून गल्लीतल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून परस्पर काही सुरू करू नका.

2007 सालच्या एका मोठ्या आढाव्यात डोक्याला मार बसलेल्या साधारण चारांपैकी एकात ग्रंथीचा दोष आढळला होता. म्हणजे तुमच्या भावाचा थकवा दुसऱ्या कशाचाही असू शकतो. मेंदूचा मार स्वतःच माणसाला दमवतो. पण तपासल्याशिवाय त्याला आळशी म्हणू नका, मला त्या शब्दाचा फार त्रास झाला.

मी आता रोज गोळ्या घेतो, तापात डोस दुप्पट, उलट्या झाल्या तर थेट इंजेक्शन. भावाला आत्ता उलट्या, चक्कर किंवा गुंगी असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. कॅज्युअल्टीत न्या, डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या आणि डोक्याला मार लागला होता हे दारातच सांगा.